पाकीट दोघांचं नाही, बादली स्वस्त नाही

प्रश्न : आम्ही बहीण-भाऊ पहिल्यांदाच सहा दिवस, पाच मुक्काम, डोंगरात पायी जाणार आहोत. सगळं सामान पाठीवर. रात्रीच्या जेवणासाठी फ्रीज-ड्राइड, म्हणजे गोठवून वाळवलेल्या आणि गरम पाणी घालून खायच्या जेवणाची पाकिटं घ्यायची ठरवली आहेत. तीन पर्याय समोर आहेत. एक पाकीट ‘दोघांसाठी’ असं लिहिलेलं आणि तिन्हींत स्वस्त. दुसरं ‘एकासाठी’, तरीही त्याहून महाग. तिसरी अख्खी बादली, ६० सर्व्हिंगची; दर सर्व्हिंगमागे पाहिलं तर फारच स्वस्त पडते. आई म्हणते बादलीच घ्या, उरलं तर घरात अडीअडचणीला कामी येईल. तिला रक्तदाबाचा त्रास आहे. पैसे मोजकेच आहेत. तिन्ही लेबलांचे फोटो पाठवते आहे. कशात पैसे वसूल होतील?

उत्तर :

लेबलांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. त्यांच्याशिवाय मला अंदाजाने बोलावं लागलं असतं, आणि सहा दिवस डोंगरात उपाशी राहण्याच्या गोष्टीत अंदाज बरा नाही.

तुम्ही तिन्हींची तुलना सर्व्हिंगवर केली आहे. गोंधळ तिथूनच सुरू झाला. सर्व्हिंग किती मोठी असावी, हे तुमच्या भुकेकडे बघून कुणी ठरवलेलं नसतं. ‘दोघांसाठी’ लिहिलेल्या तुमच्या पाकिटात एकूण ५२० कॅलरी आहेत. म्हणजे माणशी २६०, जेमतेम अडीच केळ्यांइतक्या. दिवसभर ओझं घेऊन चढउतार करणाऱ्या माणसाला दिवसाला ३००० ते ४००० कॅलरी सहज लागतात. त्यातल्या रात्रीच्या जेवणात ७०० ते ९०० तरी पोटात जायला हव्यात. तेव्हा ते पाकीट दोघांचं नाहीच. ते एकाचं आहे, आणि तेही एका बेताच्या जेवणाचं. तुमचा भाऊ तर त्यावर उठून ‘आता जेवायला काय?’ असं विचारेल.

मोजायचं ते १००० कॅलरीमागे किती पैसे पडतात, हे. इथे कॅलरी म्हणजे लेबलवरची किलोकॅलरी. एखाद्या लेबलवर नुसते किलोज्यूल असतील तर त्यांना ४.१८४ ने भागा. आपले वाचक ठिकठिकाणचे आहेत, म्हणून तुमच्या किमती इथे तशाच न देता पहिल्या पाकिटाची किंमत १०० धरते. त्या हिशेबात दुसरं पाकीट १३५ ला पडतं आणि बादली १५०० ला.

पहिल्या पाकिटात ५२० कॅलरी, म्हणजे १००० कॅलरीला १९२. दुसऱ्यात ८०० कॅलरी, म्हणजे १६९. बादलीत सगळं मिळून ९६००, म्हणजे १५६. स्वस्त वाटलेलं पाकीट तिन्हींत महाग निघालं, आणि ‘महाग’ पाकीट त्याच्यापेक्षा बरंच खाली आलं.

या आकड्यांवर बादली अजूनही पहिली दिसते. पण तिच्या झाकणावरची यादी नीट वाचा. ६० पैकी २० सर्व्हिंग म्हणजे गोड पेयाची पूड आहे, प्रत्येकी १०० कॅलरीची. सरळ सांगायचं तर साखर. साखरेतून ताकद मिळत नाही असं मी म्हणत नाही, चढावर ती कामाचीच असते. पण साखर कुठल्याही दुकानात मिळते, आणि ती कोरडी ठेवायला कुणाला महागडं यंत्र लागत नाही. ती २००० कॅलरी बाजूला काढली की बादलीत जेवण म्हणून ७६०० उरतात, आणि भाव १००० कॅलरीला १९७ होतो. तिन्हींत सगळ्यात जास्त.

इथे एक सावधगिरी. नुसत्या कॅलरीच्या भावावर निर्णय घेतला तर तेलाची बाटली नेहमीच जिंकेल. एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात. प्रथिनांत आणि पिष्टात ४. तुमच्या दुसऱ्या पाकिटात ४२ ग्रॅम चरबी आहे, पहिल्यात फक्त १२. म्हणजे दुसऱ्याचा बराचसा ‘फायदा’ त्यातल्या तेलाचा आहे. म्हणून मी दुसरा हिशेब प्रथिनांचा करते, कारण दिवसभर राबलेल्या स्नायूंना रात्री तेच हवं असतं, आणि पाकिटातला महाग जिन्नसही तोच असतो. १० ग्रॅम प्रथिनांना पहिल्या पाकिटात ४५ पडतात, दुसऱ्यात ३६, आणि बादलीत ८३. आता शंका उरत नाही. दुसरं पाकीट प्रामाणिक आहे.

फोटोंसोबत तुम्ही असंही विचारलंय की पहिल्या लेबलवर १०० ग्रॅमला ११६ कॅलरी आणि दुसऱ्यावर ५०० कशा? इतका फरक कसा असेल? फरक इतका नाहीच. पहिल्या कंपनीने आकडा दिलाय तो पाणी घालून तयार झालेल्या जेवणाचा : १२५ ग्रॅम कोरडा माल आणि ३२५ मिली पाणी, मिळून ४५० ग्रॅम. दुसरीने कोरड्या मालाचा दिलाय. लेबलच्या तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘तयार केल्यावर’ की ‘कोरड्या स्थितीत’ हे लिहिलेलं असतं, ते आधी बघा. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे अख्ख्या पाकिटाच्या कॅलरी काढायच्या आणि त्याला कोरड्या निव्वळ वजनाने भागायचं. तुमच्या तिन्हींचं उत्तर येतं : पहिलं ग्रॅमला ४.२, दुसरं ५, बादली ४. पाठीवर वाहायची वस्तू आहे, म्हणून हा आकडा किमतीइतकाच महत्त्वाचा.

मुळात फ्रीज-ड्राइडला एवढे पैसे का मोजायचे, हे कळलं की पुढचं ठरवणं सोपं जातं. शिजवलेलं अन्न उणे ४० अंशांच्या आसपास गोठवतात आणि मग बंद कोठीतली हवा खेचून दाब इतका उतरवतात की बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. दाब ६११ पास्कलच्या खाली असला तरच हे घडतं. आपल्या सभोवतालच्या हवेचा दाब त्याच्या दीडशेपटीहून जास्त असतो. एकेका घाण्याला चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. तेवढा वेळ कोठी थंड ठेवायची, पोकळी टिकवायची आणि बर्फाला बेताने ऊब द्यायची, सगळं एकदम. पैसे तिथे जातात. त्याच्या बदल्यात सुमारे ९८ टक्के पाणी निघून जातं आणि अन्नाचा आकार मात्र जसाच्या तसा राहतो, आत बारीक बारीक पोकळ्या ठेवून. गरम पाणी त्या पोकळ्यांत शिरतं आणि दहा-पंधरा मिनिटांत जेवण पुन्हा जेवणासारखं होतं.

साध्या गरम हवेवर वाळवलेल्या भाजीचं तसं होत नाही. ती आक्रसते, कडक होते, भिजायला वेळ घेते. आणि कित्येक ‘फ्रीज-ड्राइड’ पाकिटांत हा साधा मालच जास्त असतो. गोठवून वाळवलेले असतात ते मांसाचे चार तुकडे. बाकी झटपट भात, स्टार्च, वाटाणे.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पाकीट कापा, आतली ऑक्सिजन शोषणारी छोटी पुडी बाजूला काढा (ती खायची नसते, आणि पाणी ओतण्याआधी काढायची असते) आणि माल पांढऱ्या ताटात पसरा. वाटाणा उचला. गोल, टपोरा, हाताला थर्माकोलसारखा हलका, आणि दोन बोटांत दाबला की त्याची पूड झाली, तर तो गोठवून वाळवलेला. सुरकुतलेला, खड्यासारखा टणक, दाबून तसूभर हलला नाही, तर तो गरम हवेवरचा. पंधरा मिनिटांनंतरही तो दाताखाली कचकचणार. मांसाचा तुकडाही असाच तपासा. मी असं ताट मांडून बसते तेव्हा घरच्यांना वाटतं मी मणी निवडतेय. पण पाच मिनिटांत कळतं की पैसे कशाला दिले. ताट मांडायचं नसेल तर घटकांची यादी वाचा, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. तुमच्या बादलीच्या यादीत पहिल्या तीन जागी तांदूळ, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) आणि साखर आहे. दुसऱ्या पाकिटाच्या यादीत कोंबडी दुसऱ्या जागी आहे.

आता तुमच्या सहा दिवसांचं. कोरड्या पाकिटांचा खरा मोबदला वजनात मिळतो. ओलं, तयार, नुसतं गरम करून खायचं जेवण ग्रॅमला साधारण एक-दीड कॅलरी देतं. रात्रीच्या ८००० कॅलरी, म्हणजे दोघांच्या पाच रात्री, तशा जेवणातून न्यायच्या तर साडेसहा किलोच्या आसपास ओझं होईल. दुसऱ्या प्रकारची दहा पाकिटं १६०० ग्रॅम, वर पिशव्यांचं थोडं वजन. पाच किलो वाचले. पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या गुडघ्यांना हे पाच किलो फार जाणवतात, म्हणून रात्रीच्या जेवणापुरते हे पैसे देणं मला पटतं.

फक्त रात्रीच्या जेवणापुरते. न्याहारी आणि दुपारसाठी फ्रीज-ड्राइड घेऊ नका. सुक्या मेव्यातल्या कवचाच्या फळांत, बदाम, अक्रोड, शेंगदाण्यांत, ग्रॅमला सहाच्या आसपास कॅलरी असतात. कुठल्याही पाकिटापेक्षा जास्त. त्यात मुळातच पाणी कमी, पाणी उकळायचं नाही, भिजायची वाट बघायची नाही. सकाळी ओट्स, दुधाची पावडर आणि साखर घरूनच पिशव्यांत मोजून भरा, रोजची वेगळी पिशवी.

आणि पैसे मोजके आहेत म्हणता, तर माझी जोडणी अशी आहे. रोज रात्री दोघांत मिळून एक पहिलं आणि एक दुसरं पाकीट, वर दोघांचे मिळून दोन मोठे चमचे तेल. एक मोठा चमचा म्हणजे १४ ग्रॅम, सुमारे १२० कॅलरी. बेरीज होते १५६० कॅलरी, वजन ३१३ ग्रॅम, किंमत २३५ आणि तेलाचे किरकोळ. दोन्ही पाकिटं दुसऱ्या प्रकारची घेतलीत तर १६०० कॅलरी, ३२० ग्रॅम, २७० किंमत. पोट जवळजवळ तेवढंच भरतं आणि पाच रात्रींत १७५ वाचतात. कमी पडतात ती प्रथिनं : रात्रीला दोघांत मिळून १६ ग्रॅम. ती सकाळच्या ओट्समध्ये भरून काढा. ६० ग्रॅम मलईच्या दूध पावडरीत जवळपास १५ ग्रॅम प्रथिनं असतात, वर ३०० कॅलरी. पहिल्या पाकिटात तेल कमी असतं त्याला कारण आहे. चरबी गोठवून वाळत नाही, आणि साठवणीत खवट होण्याची भीती तिलाच जास्त, म्हणून बरेच उत्पादक ती कमी ठेवतात. ती आपण घालायची.

तेल घालताना मात्र घाई नको. आधी पाणी घालून माल पुरता भिजू द्या आणि मगच तेल ढवळा. आधी तेल घातलं तर ते कोरड्या कणांना लागून बसतं आणि पाणी आत शिरायला अडतं. बाटली लहान, घट्ट झाकणाची, आणि दोन पिशव्यांत. सॅकमध्ये सांडलेलं तेल कपड्यांतून निघत नाही.

भिजवण्यावर थोडं जास्त बोलते, कारण इथे माझे स्वतःचे पैसे गेलेत. काही वर्षांपूर्वी ४००० मीटरच्या आसपासच्या मुक्कामावर संध्याकाळी वारा सुटला होता. मी पाकिटात उकळतं पाणी ओतलं, दोनदा ढवळलं, तोंड दुमडलं आणि पाकीट समोरच्या दगडावर ठेवून दिलं. वर दहा मिनिटं लिहिलं होतं, मी दहाच मिनिटं थांबले. वरचे चार घास छान लागले. पाचव्यावेळी चमचा खाली कोपऱ्यात गेला आणि करकर असा आवाज आला. तळाच्या घडीत मसाल्याची पूड कोरडीच बसली होती, आणि तुकडे बाहेरून मऊ, आत खडू. भूक होती म्हणून खात राहिले, रात्रभर पोट दुखलं. उरलेलं तिथे टाकता येत नव्हतं. ते ओलं ओझं पुढचे दोन दिवस माझ्याच पाठीवर. अर्धं पाकीट गेलं म्हणजे त्या जेवणाचा भाव दुप्पट झाला.

चूक पाकिटाची नव्हती. उंचीवर पाणी लवकर उकळतं पण कमी तापतं. ३०० मीटरला साधारण एक अंश घट धरा. ३००० मीटरवर ते ९० अंशांना उकळतं, मी होते तिथे ८७ च्या आसपास. त्यात थंड दगडाने आणि वाऱ्याने उरलेली ऊब खेचून नेली. आता मी पाणी घातल्यावर लांब दांड्याच्या चमच्याने तळाचे दोन्ही कोपरे खरवडून घेते, पाकीट टोपीत नाहीतर लोकरी कपड्यात गुंडाळून जॅकेटच्या आत धरते, पाच मिनिटांनी उघडून पुन्हा ढवळते आणि लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट थांबते. हात गरम राहतात हा वरचा फायदा. पाणी अंदाजाने ओतू नका. बाटलीवर २५० आणि ५०० मिलीच्या खुणा घरीच करून घ्या. जास्त झालेलं पाणी काढता येत नाही, कमी झालेलं वाढवता येतं.

राहता राहिली आईची बादली. आईचं म्हणणं चुकीचं नाही. घरात चार दिवसांचं अन्न असावं, हे शहाणपणच आहे. पण घरच्या साठ्याला पाठीवर वाहायचं नसतं. मग हलकेपणाचे पैसे का द्यायचे? बादलीच्या कोरडेपणाला पाणीही हवं : एका सर्व्हिंगला २५० मिली धरलं तर ६० ला १५ लिटर, तेही बहुतेक तापवलेलं. ज्या अडचणीत दुकानं बंद असतात, त्यात बरेचदा नळ आणि गॅसही बंद असतात. शिवाय ९६०० कॅलरी म्हणजे तुम्हा तिघांना, माणशी २००० धरल्या तर, दीड दिवसापेक्षा थोडं जास्त. ‘६०’ या आकड्याने डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं, त्याच्या जवळपासही ते जात नाही.

आईच्या रक्तदाबासाठी तर मी तिला ती बादली नकोच म्हणेन. एका जेवणाच्या सर्व्हिंगमध्ये ४८० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय, ते वाचताना थोडंच वाटतं. पण १९० कॅलरीच्या त्या सर्व्हिंगवर दिवस काढायचा तर दहा-अकरा खाव्या लागतील. सोडियम ५००० मिलिग्रॅमवर जातं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा धडधाकट प्रौढालाही दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. तिच्यासाठी किती चालेल हे तिच्या डॉक्टरांना विचारा, पण बादली त्यात बसणार नाही. तुम्हा दोघांनी दिवसभर घाम गाळल्यावर रात्री थोडं मीठ जास्त गेलं तर ती गोष्ट वेगळी.

घरासाठी रोजच्या खाण्यातलंच कोरडं धान्य थोडं जास्त, कमी मिठाचे आणि उघडून तसेच खाता येतील असे डबे, पिण्याचं पाणी. जुनं आधी वापरायचं, नवं मागे लावायचं. पंचवीस-तीस वर्षं टिकण्याचे दावे असतात ते सीलबंद, ऑक्सिजन काढलेल्या, थंड आणि कोरड्या जागी ठेवलेल्या मालाचे. ऊब दहा अंशांनी वाढली की माल बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हे ध्यानात घ्या. माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेल्या बादलीला तो दावा लागू पडत नाही. आणि एकदा पिशवी फोडली की हा माल हवेतली ओल झपाट्याने ओढतो, मग वर्षांची नाही, दिवसांची गोष्ट.

दहा पाकिटं एकदम मागवू नका. दोन्ही प्रकारची एकेक आणा. ज्या दिवशी दोघं दमून, भुकेले घरी याल त्या रात्री, जो बर्नर नेणार आहात त्याच्यावरच पाणी तापवा आणि पाकिटातूनच खा, ताटात वाढून घेऊ नका. पहिल्या पाकिटात तेल घालून त्याची चव बघा. खाऊन झाल्यावर तळाशी जे उरेल ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. भावाने एखादं अर्ध्यावर सोडलं तर ते यादीतून काढा, त्याचा भाव कितीही चांगला असला तरी, आणि त्या जागी दुसरी चव आणून पुढच्या आठवड्यात पुन्हा करून बघा. निघायला अजून महिना आहे म्हणता, तेवढा वेळ पुरेल.